डावा खांदा

“डाव्या खांद्याला कोण?” कॅप्टन लिपर्टनं विचारलं आणि आल्मुट टेरहोवेन जिन्यात मध्येच थांबली.

प्रश्न साधा होता. शुक्रवारी तिची बढती होती. जुन्या पट्ट्या उतरवून नव्या चढवायला दोन माणसं लागतात. उजव्या खांद्याला वरिष्ठ असतो आणि डाव्याला घरचं कुणीतरी. ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी मोडत नाही. लिपर्ट समारंभाची व्यवस्था पाहत होता. तो उत्साही, गोल चेहऱ्याचा तरुण होता आणि त्याला शांतता सहन होत नसे. “उजवीकडे मोठे साहेब आहेतच,” तो म्हणाला, “डावीकडचं नाव कळलं की खुर्चीवर चिठ्ठी लावून टाकतो. माझ्या वेळी बायको होती, मॅडम. तिनं पट्टी उलटीच घातली. तारे मानेशी की दंडाशी तिला कळेना. सगळी पलटण गालात हसत होती आणि मी ताठ उभा.” आल्मुट हसली. “उद्या सांगते,” ती म्हणाली. “उद्या गुरुवार आहे, मॅडम,” लिपर्ट म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून त्यानं टाचा जुळवल्या.

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कोट हातात घेऊनच चालतोय. ऑक्टोबरचं ऊन होतं. फुटपाथवर चेस्टनट पडून फुटले होते आणि त्यांच्या तपकिरी बिया नुकत्याच धुतल्यासारख्या चमकत होत्या. डाव्या खांद्याला कोण. तिनं मागं जाऊन एकेक बढती आठवून पाहिली. पहिल्यांदा म्युनिकला, एका थोराड मुख्य परिचारिकेनं पट्टी चढवली होती. तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता. दुसऱ्यांदा शस्त्रक्रियागृहातला एक सहकारी होता. तो नंतर दक्षिणेकडे कुठं बदलून गेला. त्यानंतर एकदा तर ड्रायव्हरच उभा राहिला होता, कारण धुक्यामुळं बाकी कुणी पोचलंच नव्हतं. हे सगळे तिच्या खांद्याशी क्षणभर थांबून गेले होते. बसथांब्यावर शेजारी उभी असलेली माणसं आपापल्या बसनं निघून जातात, तसे. पहिल्या वेळी तिनं आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, “माझे पाय दुखतात.” दुसऱ्या वेळी म्हणाली, “झाडावर आलुबुखार पिकलेत, ते कोण उतरवणार?” तिसऱ्या वेळी आल्मुटनं विचारलं नाही, आणि विचारलं नाहीस का असं आईनंही म्हटलं नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईनं आपल्या आईचा हात खांद्यावर हवा म्हणून झुरावं, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लिपर्टनं विचारेपर्यंत तिनं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ती पाफेनडोर्फच्या पुलाकडे वळली. खाली ऱ्हाईन नदी भरून वाहत होती आणि एक कोळशाची बार्ज प्रवाहाविरुद्ध इतकी हळू चालली होती की पुलाच्या खांबाकडे पाहिलं तरच ती हलते आहे हे कळावं. आल्मुट भूलतज्ज्ञ होती. म्हणजे एके काळी होती. माणूस भुलीत उतरतो तेव्हा त्याचा खालचा जबडा जड होतो आणि तो तीन बोटांनी वर उचलून धरावा लागतो, नाहीतर श्वासाची वाट बंद होते. तो भार तिच्या बोटांना अजून आठवत होता. माणसामाणसागणिक तो निराळा असतो, पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी. त्या क्षणी ते माणूस पूर्णपणे तुमच्या हाती आलेलं असतं, आणि त्याला ते माहीत नसतं. श्टाब्सआर्त्स असताना, म्हणजे कॅप्टनच्या बरोबरीची डॉक्टर असताना, तिचा दिवस अशा जबड्यांनी भरलेला असे. मग ती मेजरच्या बरोबरीची ओबरश्टाब्सआर्त्स झाली आणि माणसांऐवजी पाळ्या लावू लागली. पुढं खाटा, त्यापुढं इमारती. आता कर्नलच्या बरोबरीची ओबर्स्टआर्त्स म्हणून ती इस्पितळं चालवत होती, आणि शुक्रवारनंतर तिच्या टेबलावर नकाशे येणार होते. शुक्रवारी ती गेनेरालआर्त्स होणार होती, डॉक्टरांमधली जनरल. लष्करी वैद्यकाच्या शाळेत एक खडूस प्राध्यापक शिकवत, “पूर्वी फौजेचा डॉक्टर अधिकाऱ्यांची दाढीही करायचा. कैसरच्या काळात गेनेरालआर्त्स हे नाव जनरलचं, पण मान कर्नलचा. तुमच्या खांद्यावर जे आहे ते दीडशे वर्षं भांडून मिळवलेलं आहे, तेव्हा ते तिरकं लावू नका.” सगळे हसले होते. तिनं मात्र ते वहीत उतरवून घेतलं होतं. ही शिडी इतरांना कंटाळवाणी वाटे. तिला ती लहानपणापासून पाठ होती.

सात वर्षांची असताना तिनं शेजारच्या एका लंगड्या निवृत्त कारकुनाकडून सगळे हुद्दे वदवून घेतले होते. इतर मुलं पाढे म्हणत तसे ती ते म्हणत असे, खालून वर आणि वरून खाली. तिच्या वर्गात युद्धात बेपत्ता झालेले बाप पुष्कळ मुलांचे होते. कुणाचा शिपाई, कुणाचा हवालदार. तिचा बाप ओबरश्टाब्सआर्त्स होता आणि रुमेनियात, ती तीन वर्षांची असताना, आपल्या वैद्यकीय तुकडीसकट नाहीसा झाला होता. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. त्याचा आवाज, वास, मांडी, काहीच नाही. पण तो कुठं उभा आहे हे तिला ठाऊक होतं. शिडीच्या अमुक पायरीवर, खाली इतक्या पायऱ्या, वर इतक्या. ज्या मुलीला बापाचा पत्ता माहीत नाही तिला एवढं ठिकाण पुरतं. आईनं त्याला मृत ठरवायच्या कागदावर कधी सही केली नाही. नातेवाईक येऊन समजावत, पाद्रीबाबा येऊन समजावून गेले. आई म्हणे, “मला नवरा आहे. त्याला उशीर झालाय.” आणि त्यांना कॉफी देई.

मग बाईडॉक्टरांना फौज उघडी झाली त्या वर्षी आल्मुट चौतीस वर्षांची होती आणि एका मुलकी रुग्णालयात तिचं चांगलं चाललं होतं. कुणालाही न सांगता तिनं अर्ज केला. लोकांना वाटलं, पेन्शन, शिस्त, प्रवास. पहिल्यांदा एका जवानानं तिला श्टाब्सआर्त्स म्हणून हाक मारली तेव्हा तिला वाटलं, आपण त्याच्या एकच पायरी खाली आहोत आणि मान वर केली तर त्याचे बूट दिसतील. पुढं ती ओबरश्टाब्सआर्त्स झाली. ती वर्षं तिच्या आयुष्यातली सर्वांत भरलेली वर्षं होती, आणि का ते सांगता आलं नसतं. त्या वर्षांत तिचं लग्न ठरून मोडलं होतं, घर गळत होतं, ती सतत दमलेली असे. पण ती त्याच्या पायरीवर उभी होती. खांद्याला खांदा लावून, असं म्हणायचं तर, तो खांदा डावा होता. मग एका मार्चमध्ये तिला पुढची बढती मिळाली आणि समारंभानंतर ती इस्पितळाच्या न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर सहकारी कौतुकानं थांबले होते. त्यांना वाटलं आनंदानं रडतेय. त्या दिवशी तिनं त्याला मागं टाकलं होतं. शिडीवर त्याच्या शेजारून वर चढून जाताना तिला त्याचा चेहरा दिसायला हवा होता, आणि तिथं कुणीच नव्हतं. आता तो पस्तिशीतच थांबला होता आणि ती त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी झाली होती. आज तो पुलाच्या त्या टोकाकडून चालत आला असता तर त्यानंच आधी तिला सलाम केला असता. तिनं खरोखर पुलाच्या टोकाकडे पाहिलं. एक मुलगा सायकल ढकलत येत होता.

आईचा वृद्धाश्रम टेकडीच्या पायथ्याशी होता आणि आल्मुट पोचली तेव्हा काचेच्या व्हरांड्यात कॉफीची वेळ चालू होती. आलुबुखाराच्या केकवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. आई खिडकीशी ताठ बसली होती, एकोणऐंशी वर्षांची, नीट विंचरलेली, आणि तिच्यासमोर बोअरमान नावाचे जुने स्टेशनमास्तर पत्ते पिसत होते. या घरात आईला अजून नवऱ्याच्या हुद्द्यानं हाक मारत. जुन्या बायकांना तशी सवय होती, आणि बोअरमान ते चिडवायला करत.

“या या, जनरलसाहेब,” बोअरमान म्हणाले. “मेजरीणबाई, तुमची कन्या आली. आता उठून उभं राहायचं की नाही ते तुम्हीच सांगा. माझ्या गुडघ्यांना हुकूम कळत नाहीत.”

“तुमची गाडी कधी वेळेवर उभी राहिलीय?” आई म्हणाली. “पत्ते टाका.” मग तिनं आल्मुटकडे, नेहमीप्रमाणे, आधी बुटांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं. “कोट घाल. हातात घेऊन काय फिरतेस.”

आल्मुटनं कोट घातला. तिला केक वाढला गेला. बोअरमानना बातमी सगळी हवी होती. खांद्यावर आता काय येणार, किती तारे? आल्मुटनं सांगितलं की आत्ता चांदीचे तीन आहेत आणि पानांची वेल आहे. शुक्रवारपासून सोन्याची पानं आणि तारा एक.

“एक?” बोअरमान ओरडले. “तिनाचा एक? आणि याला बढती म्हणतात! आमच्या रेल्वेत याला चौकशी म्हणायचे.”

“कोनराडचेही आधी दोन होते,” आई नवऱ्याचं नाव घेत म्हणाली. ती पत्त्यांकडेच पाहत होती. “मेजर झाला तेव्हा पट्टी चांदीच्या दोरीची झाली, गोफ विणल्यासारखी. सुंदर होती. पण तारा एकही उरला नाही. वर गेलं की गळतात ते.” तिनं एक पान टाकलं. “मग तोही.”

बोअरमाननी पत्ते खाली ठेवले आणि त्यांना अचानक आपला चष्मा खोलीत राहिल्याचं आठवलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मायलेकी खोलीत गेल्या. खोली लहान होती. खाट, खुर्ची, आणि खिडकीतून दिसणारा नदीचा एक तुकडा. आल्मुट खाटेच्या कडेवर बसली आणि आई खुर्चीत. आईला प्रश्न ठाऊक होता हे आल्मुटला आईच्या हातांवरून कळलं. ते मांडीवर एकमेकांत घट्ट बसले होते. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसं असे हात धरतात, आणि भूल देणाऱ्यानं पहिल्यांदा ते हात सोडवायचे असतात, हळूच, एकेक बोट.

“शुक्रवारी अकरा वाजता आहे,” आल्मुट म्हणाली. “गाडी पाठवीन. पायऱ्या नाहीत.”

“मी त्या पट्टीला हात लावणार नाही.”

“पाय दुखतात म्हणून?”

“पाय ठीक आहेत.” आई खिडकीबाहेर पाहू लागली. “तू आणखी काहीही झाली असतीस तर आले असते. त्याच्यावरचं कायतरी, खालचं कायतरी. नेमकं तेच व्हायचं होतं तुला.”

भूलतज्ज्ञाला थांबता येतं. ते त्या धंद्यातलं अर्धं काम असतं.

“त्रेचाळीस साली इथं एक गेनेरालआर्त्स होता,” आई म्हणाली. “सगळ्या प्रांताचा. कुणी कुठं जायचं ते त्याच्या टेबलावर ठरायचं. कोनराड इथल्याच इस्पितळात होता, नदीच्या पलीकडे, सायकलनं जायचा. आणि मग ऐकू आलं की त्याला मेजर करतायत. सगळे अभिनंदन करायला आले. पण मला शेजारणीनं सांगितलं होतं, श्टाब्सआर्त्स इस्पितळात बसतो, ओबरश्टाब्सआर्त्स तुकडी घेऊन पूर्वेला जातो. मेजरला तुकडी द्यावीच लागते. मग मी हॅट घातली, हातमोजे घातले, तुला घेतलं, आणि त्या गेनेरालआर्त्सच्या बायकोला भेटायला गेले. तेव्हा ती रीतच होती, खालच्यांच्या बायकांनी वरच्यांच्या बायकांना भेटायला जायचं. फक्त लोक बढती मागायला जायचे. मी बढती नको म्हणून गेले.”

हे आल्मुटनं कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटायचं, आईला आपला गणवेश म्हणजे बापाची जागा बळकावल्यासारखा वाटतो. कधी वाटायचं, आईला हेवा वाटतो. इतकी वर्षं ती या दोन निदानांत अडकली होती, आणि दोन्ही चुकीची होती.

“तिच्याकडे खरी कॉफी होती,” आई म्हणाली. “त्या दिवसांत. मी म्हटलं, थोडी पुढं ढकलता आली तर बघा, मूल लहान आहे. ती हसली. वाईट बाई नव्हती. म्हणाली, ‘अगं, तुझा नवरा प्रमुख होणार आणि तू असं म्हणतेस? घरी आम्ही कामाचं बोलत नाही. पण बघतील हो ते.’ शेजारच्या खोलीचं दार बंद होतं. आत तो होता. खोकत होता. मला वाटलं, उठावं, दार उघडावं आणि तुला त्याच्यापुढं उभी करावी. पाहू दे त्याला. पण मी कॉफी प्यायले. तिनं तुला बिस्किट दिलं.”

“मला आठवत नाही.”

“तू खाल्लंस. आणि आणखी एक मागितलंस.”

“मी दोन वर्षांची होते, आई!”

“होतीस ना. म्हणूनच सांगतेय.” आईच्या तोंडाची एक बाजू किंचित वर गेली. हसू होतं की काय ते कळलं नाही. “तिनं दिलंही. दोन्ही हातांत बिस्किटं घेऊन आलीस घरी. ख्रिसमसच्या आधी तो पूर्वेला गेला.”

खाली व्हरांड्यात कपबशा गोळा करण्याचा आवाज येत होता. आल्मुटला त्या बिस्किटाची चव आठवता आली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. लोणी, साखर, काहीतरी. त्या खोलीपासून बाप वाचण्यापर्यंत एका भिंतीचं, एका दाराचं अंतर होतं. ती तिथं होती, तो दिवस तिच्या अंगात कुठंतरी होता, आणि तिच्या तोंडात बिस्किट होतं. तिनं आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न केला. “मी तो माणूस नाही, आई.”

“हुद्दा तोच ना?”

“आता लढाई नाही. आपलं इस्पितळ समुद्रकाठी आहे, बोस्नियाच्या अलीकडे. डॉक्टर चार महिन्यांसाठी जातात. रोज घरी फोन करतात.”

“कुणी जायचं ते कोण ठरवणार?”

“कागद माझ्यापर्यंत येतील.”

“म्हणजे तू.”

“शेवटी मी.”

“त्याला सहा महिने सांगितले होते,” आई म्हणाली.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तेव्हा आणि आता यांतला फरक, कुणी नाही म्हणू शकतं, आकडे, विमा, विमानं. आल्मुटला ते सगळं येत होतं आणि ते सगळं खरं होतं. पण ती खाटेवरून उठून आईच्या खुर्चीशी वाकली. “तो असता तरी मी तुलाच विचारलं असतं,” ती म्हणाली. हे वाक्य तिला आधी माहीत नव्हतं. तोंडातून निघाल्यावरच ते खरं आहे हे तिला कळलं. इतकी वर्षं ती एका पायरीवरच्या माणसाकडे चढत होती आणि ज्या बाईनं तिला रोज शाळेत सोडलं, तिचे बूट पुसले, तिला कधी कुशीत घेतलं नाही, ती खाली शिडी धरून उभी होती. “मला डावीकडे तू हवी आहेस. आणखी काही नाही.”

आईनं मांडीवरचे केकचे कण तळहातात गोळा केले, नीट, एकही न सांडता. “तुझी बस जाईल,” ती म्हणाली.

गुरुवारी आल्मुटनं लिपर्टला सांगितलं, “चिठ्ठी लाव. टेरहोवेन, ओटिलिए. पण तूही जवळ उभा राहा.” लिपर्टनं एकदाच मान हलवली आणि या वेळी तो काही बोलला नाही, यावरून त्याला समजलं असावं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. वाद्यवृंदातले चौघं कोपऱ्यात बसून काहीतरी जुनं, संथ वाजवत होते. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावरची चिठ्ठी लांबूनही वाचता येत होती. आल्मुटनं ती एकदा पाहिली आणि मग पाहिली नाही. तिचं नाव पुकारलं गेलं, हुकूम वाचला गेला, ती पुढं जाऊन सावधान उभी राहिली. नजर समोरच्या भिंतीवर एका खिळ्यावर टेकली. मोठे साहेब आले. त्यांनी सवयीच्या हातांनी उजवं बटण काढलं, जुनी पट्टी ओढली, नवी सरकवली, लावली. सगळं एका श्वासात झालं. त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास आला आणि गेला. आता तिचा एक खांदा जनरलचा होता आणि एक कर्नलचा. डावीकडे लिपर्ट एक पाऊल पुढं आला. त्याच्या हातातली पट्टी तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून सोनेरी डागासारखी दिसली. आणि मग मागचं दार उघडलं.

तिला वळता येत नव्हतं. काठीचा आवाज आला, वृद्धाश्रमातल्या सिस्टरची कुजबूज आली, “सावकाश, सावकाश,” आणि आईचं “कळतंय मला” आलं. वाद्यं थांबली, मग गोंधळून पुन्हा सुरू झाली. काठी तिच्या डावीकडे येऊन थांबली. आईनं हॅट घातली होती, गडद निळी, आणि हातमोजे. कुणाच्या घरी भेटायला जावं तशी ती आली होती.

“कुठली ती?” आईनं लिपर्टला विचारलं. “द्या इकडं. आणि तारा कुठं येतो? मला उलटी लावायची नाही.”

“दंडाकडे, बाई,” लिपर्ट पुटपुटला.

हातमोज्यांनी बटण निघेना. आईनं दोनदा प्रयत्न केला. मग तिनं हातमोजे काढले आणि समोर जे माणूस उभं होतं त्याच्या हातात दिले. “धरा हो जरा.” ते मोठे साहेब होते. त्यांनी ते धरले. सभागृहात हसू दाबल्याची एक लाट गेली आणि थांबली. आईची बोटं आल्मुटच्या मानेशी आली, गार, कोरडी. आल्मुटला वाटलं, आपली नाडी मानेत दिसत असणार. जुनी पट्टी निघाली. खांदा क्षणभर नुसता कापडाचा राहिला. आईनं त्याच्यावर तळहात फिरवला, सुरकुती काढावी तसा, आणि नवी पट्टी फासात सरकवली.

बटण लागत नव्हतं. सोन्याचं जरीकाम ताठ होतं आणि काज नवं होतं. आई इतकी जवळ वाकली होती की तिचा श्वास आल्मुटच्या कानात येत होता, कॉफीचा आणि लव्हेंडरचा. इतक्या जवळ ती कधी आली होती, ते आल्मुटला आठवेना. तिनं समोरच्या खिळ्याकडे पाहत मनात म्हटलं, लागू नये. आणखी थोडा वेळ लागू नये.

“मी त्या गेनेरालआर्त्सला भेटायला आलेय,” आई हळूच म्हणाली, फक्त तिलाच ऐकू जाईल असं. “त्या दिवशी दार उघडलं नाही मी. आज समोर आहे म्हणून सांगते. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांना घरी ठेव.”

सावधान उभ्या माणसानं बोलायचं नसतं. आल्मुटनं ओठ न हलवता म्हटलं, “बघते, आई.”

“बघते नको म्हणूस.” बोटं थांबली. “बघतील हो, असं तीही म्हणाली होती.”

मोठे साहेब हातमोजे धरून थांबले होते. वाद्यवृंदाची चाल संपत आली होती आणि ते ती पुन्हा पहिल्यापासून धरत होते. आल्मुटनं उत्तर शोधलं, आणि तिला सगळी दयाळू उत्तरं खोटी असल्याचं दिसलं. “सगळ्यांना नाही जमणार,” ती म्हणाली.

आईनं विचारलं, “एकाला?”

“एकाला,” आल्मुट म्हणाली, आणि सावधान असूनही तिनं मान हलवली.

बटण काजात शिरलं. इतक्या हलकेच की तिला ते आवाजावरून नव्हे, आईचा श्वास दूर गेल्यावरून कळलं. मोठ्या साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढं केला, त्यात अजून हातमोजे होते, आणि लोक टाळ्या वाजवू लागले. आई बाजूला झाली नाही. तिनं आपला उघडा हात नव्या पट्टीवर ठेवला आणि दाबला. पाहणाऱ्यांना ते कौतुक वाटलं असेल. आल्मुटला कळत होतं की हा कौतुकाचा भार नव्हे. कुणी निघालेलं असतं, दाराशी पोचलेलं असतं, तेव्हा त्याला असं धरतात. तो कोण एक, ख्रिसमसच्या आधी निघालेला, ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि सोमवारी तिच्या टेबलावर येणाऱ्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव असणार नव्हतं. ती हलली नाही. त्या हाताखाली तिनं खांदा अगदी स्थिर ठेवला, जितका वेळ तो तिथं होता तितका वेळ.